साबणानं धुतलेले दगड

टण्ण! माझ्या बापाचा हातोडा खडकावर पडला की असा आवाज यायचा. मग दोन हात सरकून तो पुन्हा ठोकायचा. भद्द! "ऐकलंस का? ह्यो निराळा, त्यो निराळा."

आम्ही विहिरी खोदणारी माणसं. शाळा माझी दुसरीपर्यंत, पण खडक आवाजावरून ओळखायला बापापाशी शिकलो. हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, या म्हाताऱ्याला दगडातलं काही कळत नसेल. कळतं हो! लाज त्याचीच तर वाटते.

घाटनांदूरच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. गेल्या हिवाळ्यात सायली नावाची कॉलेजची मुलगी आली. पायथ्यापासून माथ्यापर्यंत हा डोंगर कशाकशाचा बनलाय, ते तिला परीक्षेसाठी मांडायचं होतं. थर बदलला की ती तिथला दगड फोडायची, पिशवीत घालायची आणि पिशवीवर नंबर टाकायची. पायथ्याचा एक, माथ्याचा नऊ. राहायला ती वरच्या वाडीतल्या शाळेत. पिशव्या तिथंच साठल्या.

जायच्या दिवशी सकाळी म्हणाली, "बाबा, तुमच्या गाढवीवर एवढ्या पिशव्या खाली न्याल? मी वाडीतल्या लोकांना भेटून येते. दुपारची गाडी आहे. आणि जपून हं, माझी परीक्षा आहे त्यात."

"काळजी करू नको, माय."

काळजी मीच करायला लागलो, पण चंद्रीची. आमची गाढवी गाभण होती. अर्ध्या घाटात थांबली आणि माझ्याकडं बघितलं. तसं बघितल्यावर तुम्ही काय केलं असतं? मनात म्हटलं, पोरीनं सगळं वहीत लिहिलंय. दगड काय, नुसते दाखवायला! माझ्या दारात विहिरीतून निघालेल्या दगडांचा ढीग पडलाय. मग या मुक्या जिवाला त्रास कशाला?

नऊही पिशव्या लिंबाखाली रिकाम्या केल्या आणि हलका होऊन घरी आलो. पोरीला चांगले मिळावेत म्हणून ढिगातले नऊ दगड निवडले. साबण लावून घासले.

बायको दारात आली. "आवं, दगडं कावून धुताय?"

"कॉलेजात जायचेत."

"जाऊ द्या बाई. तुमी तर गेला न्हाईत, दगडं तरी जाऊ द्या."

मग एकेका पिशवीत एकेक भरला. दुपारी सायली आली. मी छाती काढून म्हणालो, "बघ माय, एक दगड सांडू दिला न्हाई."

तिनं नववी पिशवी उघडली. "बाबा, हा तर तांबडा होता."

"उन्हानं काळा पडला आसंल."

बघा, या वयात मी काय बोललो! तिनं पहिली उघडली, चौथी उघडली. मग हातोडी काढली. टण्ण. टण्ण. टण्ण. सगळ्यांचा एकच आवाज. तिच्या आधी मला कळलं, आणि माझे कान तापले.

"माझे दगड कुठं आहेत?"

"घाटात हायेत. लिंबाखाली. लई जपून ठेवलेत."

"वेगवेगळे?"

"न्हाई… एकाच ढिगात."

ती ओट्यावर मटकन बसली. रस्त्यावर गाडी आली, भोंगा वाजवला, निघून गेली. आम्ही दोघांनीही तिकडं बघितलं नाही.

"रडू नको, माय. मी येतो ना संगं. एकेक दगड ठोकून सांगतो, कोन्चा कुठला त्ये. मला आवाजावरून कळतं."

तिनं मान वर केली. "आवाजावरून कळतं?"

"लहानपणापासून."

बोलून गेलो, आणि स्वतःचंच बोलणं स्वतःच्या कानावर आलं.

तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा त्या नऊ स्वच्छ दगडांकडं. मग एकेक पिशवी झटकून तिची घडी केली, हातोडी पाठीवरच्या पिशवीत टाकली आणि एकटीच घाटाच्या वाटेला लागली.