वहीत न लिहिलेलं वाक्य
काल शेजारी गवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजत होते, त्या वासानं बाळापूरजवळच्या गावातली एक दुपार आठवली. वाटणी झाल्यापासून मोठी जाऊ माझ्याशी बोलत नव्हती; दोन्ही अंगणांच्या मध्ये फक्त कुडाची भिंत होती. तिची मुलगी मात्र अभ्यासाला माझ्याच ओट्यावर बसायची. त्या दिवशी तिला एक इंग्रजी शब्द वाक्यात वापरायचा होता. "काकू, एनिमिटी म्हंजे वैर. वाक्य सांग ना." निखाऱ्यातले रोडगे उलटवत मी म्हटलं, "लिही, मायी माय न् काकू याईच्यात एनिमिटी हाये." ती लिहिता लिहिता थांबली. "वैर असतं त तू आमच्याकडे रोडगे कायले पाठवतं? न् माय तुयं ताट कधी रिकामं वापस कायले नाही पाठवत? म्याडम फुली मारतीन यावर." रोडगे तसेच सोडून मी तिच्या वहीत पाहू लागले. तेवढ्यात भिंतीपलीकडून जाऊ बोलली, दीड वर्षात पहिल्यांदाच माझ्याशी. "अवं, तुये रोडगे करपून राह्यले. वाक्य मंग सांगजो." "हो बाई," म्हणत मी रोडगे बाहेर ओढले. चौथीपर्यंत शिकलेल्या मला तो एक इंग्रजी शब्द अर्थासकट येतो. तो आम्हा दोघी जावांसाठी नाही, हे त्या पोरीनं वेळेत सांगितलं, तिचे आभार मी अजून तोंडानं मानलेले नाहीत.