वांग्याचा धूमकेतू

धूमकेतू म्हटलं की आमच्याकडच्या शिकल्यासवरल्या माणसांना चकचकीत पांढरा गोळा दिसतो. आकाशात झळकतो, म्हणजे अंगानेही गोराच असणार. मुली बघायला जातानाचं डोकं ही माणसं विज्ञानातही घेऊन येतात.

माझी पीएच.डी. धूमकेतूच्या पृष्ठभागावर. यानाने जवळून काढलेले फोटो बघून बघून माझा चष्मा जाड झाला. धूमकेतू कोळशासारखा काळा असतो. वर करपलेलं कवच, आत बर्फ आणि धूळ. सूर्याजवळ आला की बर्फाची वाफ होते आणि ती भेगांतून जोरात बाहेर पडते.

देवपूरच्या एका कॉलेजात मी तासाच्या पैशावर शिकवत होते. अखेर कायमची जागा निघाली. ही हुकली असती तर माझ्या वयात दुसरी मिळणार नव्हती. मुलाखतीत पाठ घ्यायचा होता. मी भरताचं मोठं हिरवं वांगं घेऊन गेले आणि समितीसमोर बर्नरवर धरलं. फुटू नये म्हणून घरी आपण वांग्याला टोचे मारतो. मी मुद्दाम मारले नाहीत. साल काळी ठिक्कर पडली, तडकली आणि भेगेतून वाफेचा फवारा सुटला.

"धूमकेतूवर हेच होतं," मी म्हटलं. "या वाफेबरोबर धूळ उडते आणि त्याची शेपटी बनते."

पण खोलीत वास सुटला होता आणि समितीचं लक्ष पोटाकडे गेलं होतं. सगळे ज्यांना आबा म्हणत ते संस्थेचे अध्यक्ष टेबलावर वाकले. "भरीत शे, पन कळनानी पुरी कोठे शे, ताई?"

आमच्याकडे भरीत म्हटलं की ज्वारी-उडदाच्या कळण्याची पुरी हवीच. सगळे हसले. बाहेरून आलेले तज्ज्ञ सर्वांत जास्त हसले, कारण प्रवासभत्ता आबांच्या सहीने मिळणार होता. हसू ओसरल्यावर त्या तज्ज्ञांनीच विचारलं, "पण धूमकेतू काळा कसा असेल? चमकतो ना तो?" सूर्यप्रकाशात धूळ चमकते, हे मी बारावीच्या पोरांना सांगावं तसं सांगितलं. त्यांनी घड्याळ बघितलं.

माझ्यानंतरच्या उमेदवाराने थर्माकोलचा गोळा आणला होता. त्यावर चंदेरी कागद, मागे लग्नाच्या मांडवातल्या झिरमिळ्या. दाराबाहेर टाळ्या ऐकू आल्या. जागा त्याला मिळाली.

आठवड्याने प्राचार्यांचा फोन आला. आवाज अगदी मधाळ. "मॅडम, नवीन सर सोमवारी रुजू होताहेत. धूमकेतूचा भाग त्यांना जरा कच्चा वाटतोय. तुम्ही एकदा बसून नीट समजावून द्या. विद्यार्थ्यांचं नुकसान व्हायला नको."

माझं काही नुकसान झालं असेल, हे त्या माणसाच्या मनालाही शिवलं नव्हतं. "जमणार नाही, सर," म्हणून मी फोन ठेवला आणि हुंदके देऊन रडले. असल्या माणसांसाठी रडू यावं, याची मला अजून चीड येते.