उंबऱ्यातला सदरा

गावाहून, माहीमहून फोन आला तेव्हा मी बोईसरला घरी भाकऱ्या थापत होते. पुतण्याची बायको म्हणाली, "काकी, आई गेल्या..." तव्यावरची भाकरी करपली तरी मला कळलं नाही. जाऊबाई गेल्या, आणि लग्नाच्या वर्षापासून त्यांच्याशी माझं एक बोलणं राहिलं होतं, ते राहूनच गेलं.

मी माहीमच्या घरात सून म्हणून आले तेव्हा मोठे दीर जाऊन वर्ष झालं होतं. जाऊबाई मासळीची टोपली डोक्यावर घेऊन बाजाराला जायच्या आणि परत आल्या की जुन्या कपड्यांचं गाठोडं सोडून बसायच्या. विरलेल्या लुगड्यांची गोधडी, परकराच्या पिशव्या, बनियनची भांडी उतरवायची फडकी... फाटलं म्हणून काही टाकायचं नाही. काठाला दात लावून सर्रकन कापड फाडायच्या आणि मला म्हणायच्या, "बघून ठेव गो बाय. इकत फडकी आणायला आमी काय शेठ हाव?" मी लाजरी, समोर बोलायची नाही. पण आपणही काही करून दाखवावं असं फार वाटायचं.

एक दिवस त्या बाजारात गेल्यावर मी गाठोडं सोडलं. अगदी तळाशी एक निळा सदरा होता, खांद्यावर विरलेला, पण जाडसर. मी बाह्या काढल्या, घडी घालून टाके मारले आणि छान पायपुसणं करून उंबऱ्याशी घातलं. दुपारी जाऊबाई आल्या. आत यायला एक पाय उचलला... तो तसाच राहिला. मग त्यांनी टोपली बाहेरच उतरवली आणि ते पायपुसणं उचलून छातीशी धरलं. तेव्हा मला कळलं, सदरा दिरांचा होता. गेलेल्या माणसाचा जपून ठेवलेला सदरा मी सगळ्यांच्या पायाखाली घातला होता.

त्या एक शब्द बोलल्या नाहीत. ते धुतलं, वाळवलं. दुसऱ्या दिवशी पिळून गोल केलं, डोक्यावर ठेवायची चुंबळ केली आणि तिच्यावर टोपली चढवली. शेजारीण म्हणाली, "नवी चुंबळ काय गो?"

"जितेपणी कदी टोपलीला हात नाय लावला यांनी," जाऊबाई म्हणाल्या. "आता वाहू देत!"

दोघी हसल्या. मी मोरीत जाऊन रडले.

'चुकलं माझं' एवढंच म्हणायचं होतं. पुढे नवऱ्याला तारापूरला कंपनीत काम लागलं, आम्ही बोईसरला आलो. सणाला जायचे, शब्द ओठांवर यायचा, तेवढ्यात त्या सुकट बांधून द्यायच्या आणि मी सुकट घेऊन परत. शेवटच्या आजारात त्यांचे पाय चेपत बसले होते. म्हटलं, आता बोलायचं. तर त्याच म्हणाल्या, "ऊठ गो, रिक्षा नाय मिळायची."

बाराव्याला त्यांचे कपडे काढले. त्यात एक हिरवं पातळ होतं, पार जाळी झालेलं. त्यांची सून म्हणाली, "काकी, सुती हाय. फरशी पुसायला ठेवू?"

"फरशीला नको. मला दे." माझाच आवाज मला मोठा वाटला. बायका वळून बघायला लागल्या.

घरी आणून त्या पातळाचा उशीला अभ्रा शिवला. रोज त्याच्यावर डोकं टेकवते आणि मनात नाही, तोंडाने म्हणते, "चुकलं माझं, जाऊबाई." मग जरा वेळ थांबते... त्या काही लगेच बोलणाऱ्यातल्या नव्हत्या.