ओटीतला गुलाबी टोमॅटो

फरीदाबादला आमच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, तात्याराव राहतात. ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात या माणसाने जन्मभर माल तपासला आणि त्यातला बराचसा नापास केला. निवृत्तीनंतर नापास करायला काही उरलं नाही, तेव्हा ते शेजाऱ्यांकडे वळले. माझं गाडी लावणं, माझा चहा, माझी हिंदी, सगळं तपासून झालं आहे. एकातही मी पास नाही. असा माणूस एका टोमॅटोपायी रडकुंडीला आलेला मी पाहिला, आणि खरं सांगतो, आधी मला फार बरं वाटलं.

टोमॅटो गुलाबी जातीचा होता. कारखान्यातले त्यांचे दोस्त अशोकराव वर्षानुवर्षं गच्चीवर हीच जात लावत आणि बी घरचंच धरत. गुडघे गेले, गच्ची सुटली, आणि अशोकराव लेकीकडे नागपूरला निघाले. जाताना सगळं बी तात्यांच्या हवाली केलं आणि म्हणाले, "खा, वाट, पण बी मोडू देऊ नकोस. मला पुन्हा लावायचंय." तात्यांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला.

पहिल्या वर्षीची रोपं जानेवारीच्या धुक्याने खाल्ली. दुसऱ्या वर्षीची फळं माकडांनी खाल्ली. तिसऱ्या वर्षी उरलंसुरलं सगळं बी पेरलं, त्यातून एकच झाड तगलं आणि त्याला एकच फळ धरलं. त्या झाडाचे जे लाड झाले, ते तात्यांच्या मुलाचेसुद्धा झाले नसतील. थंडीत त्याला तात्यांची कानटोपी. चौथ्या मजल्यावर मधमाश्या येत नाहीत, तर फूल हलवायला मुलाने पाठवलेला बॅटरीचा टूथब्रश. काकूंनी, म्हणजे कुसुमावतींनी, तो ब्रश पुन्हा तोंडात घालायला साफ नकार दिला. फळ जड झालं तेव्हा त्याला जुन्या बनियनची झोळी बांधली. एप्रिल उजाडला आणि फळ गुलाबी झालं. वॉचमन वर येऊन म्हणाला, "अंकल, अभी कच्चा है, लाल होने दो." त्यालाही तात्यांनी नापास केलं.

आता फळ खुडायचं, चिरायचं, बी काढून वाळवायचं, एवढंच काम होतं. पण हौस नडली. काकूंकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. दिल्लीभरच्या मराठी बायका येणार, त्यांनी आपला टोमॅटो बघायला नको का? तात्यांनी फळ खुडलं आणि गौरीपुढच्या आराशीत, कलिंगडाच्या कमळाशेजारी, स्वतःच्या हाताने मांडलं. बायका "अय्या, केवढा!" म्हणाल्या. तात्या तृप्त होऊन आत जाऊन झोपले.

संध्याकाळी काकूंची भाची प्रणिता पानिपतला सासरी जायला निघाली. नवी नवरी, तिची ओटी भरायलाच हवी. नारळ संपलेले. अशा वेळी आपल्याकडे घरात असेल ते फळ घालतात. काकूंनी तांदूळ घेतले, खण घेतला, आणि आराशीतलं सगळ्यांत देखणं फळ उचलून पोरीच्या पदरात घातलं.

तात्या उठले तेव्हा ओटी पानिपतच्या रस्त्याला लागली होती. त्यांनी फोन उचलला.

"खबरदार!" काकू म्हणाल्या. "ओटीतलं कोणी परत मागतं का? पोरीच्या सासरी माझी काय अब्रू राहील?"

"अगं, पण अशोकला काय तोंड दाखवू मी?"

"ते तुम्ही आराशीत मांडताना ठरवायचं होतं."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळीच तात्या माझ्या दारात. "यशोधन, चल. पानिपतला सहज जाऊन येऊ."

फरीदाबादहून पानिपतला आख्खी दिल्ली ओलांडून कोणी सहज जात नाही. पण तात्यांचा चेहरा बघून मी निमूट किल्ली घेतली. वाटेत त्यांनी बेत सांगितला. मागायचं नाही. घरात शिरायचं, विषय टोमॅटोवर न्यायचा, आणि चिरताना आपण शेजारी उभं राहायचं. सगळा प्रवास ते "सहज आलो होतो" हे वाक्य वेगवेगळ्या सुरांत म्हणून बघत होते.

प्रणिताच्या घरी पोचलो तेव्हा पानं वाढलेली होती. सासू लताताई, सासरे आणि प्रणिता; नवरा रविवार असूनही कामावर. आणि प्रत्येक ताटात, डावीकडे, दह्यातली गुलाबी कोशिंबीर.

"काका, अगदी वेळेवर आलात!" प्रणिता म्हणाली. "तुमच्याच टोमॅटोची आहे. सासरी आल्यावर आजच पहिल्यांदा सगळा स्वयंपाक मी एकटीने केलाय. बिल्कुल खरं सांगायचं हं, कशी झालीय ते."

आमचीही पानं वाढली. तात्या मटकन बसले. कोशिंबिरीचा घास घेतला. चावला. आणि मग त्यांचा उजवा गाल हळूहळू फुगायला लागला. मला कळायला जरा वेळ लागला. तात्या टोमॅटो गिळत होते आणि बिया गालात साठवत होते.

"कशी झालीय, काका?"

"म्म."

"मीठ कमी आहे का?"

"म्हं."

दुसरा घास, तिसरा घास. लताताई सुनेकडे बघत म्हणाल्या, "दाढ दुखतेय वाटतं यांची," आणि लवंगेचं तेल घेऊन आल्या. तात्यांनी ओठ घट्ट मिटून मान हलवली. प्रणिताने एकदा त्यांच्या गालाकडे पाहिलं, एकदा कोशिंबिरीकडे, आणि तिची हनुवटी थरथरायला लागली. "गिळवतसुद्धा नाहीये काकांना," ती म्हणाली. डोळे भरले होते तिचे.

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. गिळलं तर अशोकरावांचं बी मोडतं, न बोललं तर ही पोर रडते. मला त्यांची मनापासून दया आली. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या त्या माणसाने हात तोंडाशी नेला आणि सगळ्यांदेखत तळव्यावर बिया थुंकल्या.

"पोरी," ते म्हणाले, "इतकी गोड कोशिंबीर मी आयुष्यात खाल्ली नाही. शंभरपैकी शंभर. पण हे बी माझं नाही गं." आणि अशोकराव, गुडघे, माकडं, सगळं त्यांनी सांगून टाकलं.

मग लताताईंनी स्वतःच्या ओठावरची एक बी बोटाने टिपली आणि तात्यांच्या ताटाच्या कडेला ठेवली. प्रणिताने नाक पुसत स्वतःचं ताट पुढे ओढलं आणि बिया वेचायला लागली. मीही वेचू लागलो. सासरे मात्र तसेच बसून होते. त्यांनी आपलं कधीच संपवलं होतं.

मग पाठ वळवून त्यांनी कवळी काढली, उजेडाकडे धरून नीट तपासली, आणि म्हणाले, "तात्याशाहेब, थांबा. तीन शापडल्या."

तात्यांनी दोन्ही हात पुढे करून त्या घेतल्या.