आधी लेकरांचं गाणं

बंडूभाऊंना फोन लावला आणि पलीकडचं 'हॅलो' नीट ऐकायच्या आतच मी पाठ केलेलं कारण म्हणून टाकलं : पुढच्या महिन्यात शाळेचं स्नेहसंमेलन आहे, विद्यापीठाच्या बैठकीला या खेपेला काही जमत नाही. पलीकडून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ते सकाळीच आपल्याला सोडून गेले." माझ्या गाढवपणांची यादी घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे, हा मात्र कुणाला सांगून हसण्यासारखा नव्हता.

बंडूभाऊ माझे थोरले मावसभाऊ. शाळांसाठी संगीतशिक्षक तयार करण्यात त्यांची हयात गेली, आणि मी त्यांचाच विद्यार्थी. पहिला आलो, पदक मिळालं आणि धानोऱ्याकडच्या एका आश्रमशाळेत पेटी घेऊन रुजू झालो. लेकरांना मांडी घालून ओळीत बसवायचं आणि सा लावायचा, असं शिकलो होतो. मी सा लावायचो. लेकरं माझ्याकडे नि मी त्यांच्याकडे बघत राहायचो. एकदा भाऊ भेटायला आले आणि दारातून हा तमाशा बघत उभे राहिले. शेवटी चौथीतल्या एका मुलीला त्यांनी विचारलं, गात काऊन नाई बाई? ती म्हणाली, "बसून कोन गाते जी?" तिच्या गावात रेला, म्हणजे त्यांचं नाचगाणं, म्हणताना हातात हात गुंफून सगळे रांगेनं नाचतात, आधी पावलं पडतात, मग गाणं येतं. भाऊंनी चपला काढल्या, वर्ग पटांगणात नेला आणि तिच्या शेजारी रांगेत उभे राहिले. आपण इतकी वर्षं शिक्षकांना अर्धंच शिकवत आलो, असं ते त्या दिवशी जेवताना माझ्या बायकोला म्हणाले. मला वाटलं, भात कमी पडला म्हणून गंभीर झालेत.

तेव्हापासून त्यांचा एकच ध्यास. होऊ घातलेल्या शिक्षकानं महिनाभर अशा शाळेत राहावं, आधी लेकरांकडून एक गाणं शिकावं, मग एक शिकवावं, आणि गुण दोन्हींना असावेत. विद्यापीठाच्या अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळापुढे अनुभवी शिक्षक म्हणून ते मला चंद्रपूरला घेऊन गेले. तिथं एका सरांनी विचारलं, जुन्या पद्धतीनं शिकून तुम्हाला वर्गात कधी अडचण आली का? पदकवाला मी कडक इस्त्रीच्या शर्टात म्हणालो, नाही, तशी काही नाही. प्रस्ताव पुढे ढकलला गेला. परतताना भाऊ मूल गाव येईपर्यंत बसच्या खिडकीबाहेर बघत होते. मग एवढंच म्हणाले, "इस्त्री मस्त होती बे तुझ्या शर्टाची." त्यानंतर पुढच्या बैठकीला ये म्हणून ते फोन करत राहिले… आणि मी टाळत राहिलो.

ती बैठक गेल्या आठवड्यात झाली. मी गेलो. कुणी विचारायची वाट न पाहता सांगितलं, की सहा महिने माझ्या वर्गात एकही लेकरू गायलं नव्हतं, आणि गायली तेव्हा शिकवणारा मी नव्हतो. अध्यक्षबाई म्हणाल्या, हे लिहून द्या. यंदा एका तुकडीपुरतं करून पाहू.

घरी येऊन बायकोला सांगितलं, जरा ऐटीतच. धानोऱ्याला आमची खोली वर्गाला लागूनच होती, हे मी विसरलो होतो. तिनं निवडायची भाजी बाजूला ठेवली.

"सहा महिने काऊन सांगितलं?" ती म्हणाली. "पूरं साल झालं होतं. लिहून द्याल तवा साल लिहा. आता तुमचं दुरुस्त कराले भाऊ नाईत."