खोबरेल खाणारी करवत

यंत्राच्या बाबतीत मी आजवर एकदाच चुकलो. बायकोच्या मते अनेकदा, पण तिची मोजायची पद्धत वेगळी आहे.

मुंबईच्या गोदीतल्या वर्कशॉपात सात वर्षं काढून मी मालवणला परतलो ते छपन्न-सत्तावन्न साली. भाताच्या गिरण्यांची इंजिनं दुरुस्त करायची आणि पोट भरायचं, असा माझा धंदा. पण मुंबईहून येताना मी एक खूळ बरोबर आणलं. लढाई संपल्यावर लष्कराचं जे सामान भंगारात निघालं, त्यात मला पेट्रोलवर चालणारी एक करवत सापडली. एका टोकाला इंजिन, पुढे पुरुषभर लांबीची पाती, पातीभोवती दातांची साखळी आणि पलीकडच्या टोकाला दुसऱ्या माणसासाठी मूठ. उचलायलाच दोन माणसं लागत. घरी आणली तेव्हा तिच्यातून फक्त गंज आणि एक पाल बाहेर आली.

पुढे घाटाखालच्या फोंड्याच्या एका लाकूडवाल्याकडे तसल्याच दोन पडून आहेत असं कळलं. एकीचं इंजिन गंजून जाम झालं होतं, दुसरी नुसती सुट्ट्या भागांची गोणी होती. दोन्ही आणल्या. पडवीत तिघींना ओळीने मांडलं आणि थोरली, मधली, धाकटी अशी नावं ठेवली. बायको म्हणाली, "लोका घरात सवत हाडतत, तुमी तीन हाडलास."

तिघींचं मिळून एक चालतं यंत्र करायला मला दीड वर्ष लागलं. धाकटीचा पिस्टन थोरलीला बसला, मधलीची साखळी निम्मी चांगली निघाली. उरलेल्या कड्या सावंतवाडीच्या एका लोहाराकडून ठोकून घेतल्या. गॅस्केट पोस्टकार्डाचं कापलं. कार्ब्युरेटरमधला तरंगणारा बुचाचा तुकडा कुजला होता, तर शेजारच्या तांडेलाने जाळं तरंगतं ठेवणाऱ्या बोयातून एक तुकडा कापून दिला. त्याला लाखेचा हात दिला आणि बसवला. दोरी ओढली, तिसऱ्या हिसक्याला थोरली बोलायला लागली आणि अख्ख्या वाडीतली कुत्री पळाली. त्या दिवशी मला जे वाटलं ते लग्नाच्या दिवशीही वाटलं नव्हतं. हे मी बायकोला सांगितलं, ही माझी दुसरी चूक, पण ती यंत्राच्या बाबतीतली नव्हे.

एकच अडचण राहिली होती. साखळी पातीवर धावते तेव्हा तिला सारखं तेल लागतं. त्यासाठी वेगळी टाकी असते आणि अंगठ्याने दाबायचा लहानसा पंप. तसलं तेल मालवणात कुठून मिळणार? माशाचं तेल घालून पाहिलं, तर मांजरं यंत्राला सोडीनात. मग मी घाण्यावरचं खोबरेल घातलं. परसात माड आमचेच. साखळी लोण्यातून जावी तशी धावली. गरम पातीवर खोबरेल तापलं की असा खमंग वास सुटे, की रस्त्यावरची माणसं विचारत, "मेस्त्र्यानू, तळणी खंय चलली आसा?" गोऱ्या साहेबाला जे सुचलं नाही ते मला सुचलं, असं मी चारचौघांत सांगत सुटलो.

बोया देणाऱ्या त्या तांडेलाची होडी दोन पावसाळ्यांपूर्वी खडकावर फुटली होती. ज्या माणसाने जन्मभर स्वतःच्या होडीचं सुकाणू धरलं, तो आता दुसऱ्याच्या होडीवर जाळं ओढायला जात होता. त्याबद्दल तो बोलत नसे. पण पहाटे लोकांच्या होड्या निघाल्या की तो किनाऱ्याकडे पाठ करून विडी ओढायचा, ते मी पाहिलेलं आहे. एका खोडातून कोरायची होडी, तिला जाड, सरळ आणि आतून न पोखरलेला आंबा लागतो. दोन वर्षं हिंडून त्याला तसा एक आंबा फोंडाघाटाच्या पायथ्याला मिळाला. मात्र त्याच्या एका बाजूला कापलेलं भातशेत होतं आणि दुसऱ्या बाजूला काळे धोंडे. शेतात पडला तर होडी, धोंड्यांवर पडला तर चीर जाऊन जळण. दुसरं झाड शोधण्याइतकं वय त्याच्यापाशी उरलं नव्हतं.

अशी झाडं पाडणारा जुना हातकरवतवाला आमच्याच गावचा. दोन भावांची जोडी होती. भाऊ वारला आणि दोन मुठींची करवत खुंटीला लागली. हे काम आता मीच करणार हे उघड होतं. म्हाताऱ्याला आम्ही फक्त झाडाचा कल सांगायला बरोबर घेतलं.

जानेवारीचे दिवस. मी दुपारी टाकी भरत असताना बायको दारात येऊन उभी राहिली. "फोंड्याक थंडी मरणाची. आणि तुमी खोबरेल घालतास? सकाळची बाटली उन्हात ठेवल्याशिवाय माझ्या केसांक तेल लागणा नाय, तुमच्या करवतीक लागतला?"

"गो, इंजिन तापता," मी म्हटलं. "तुझा डोक्या तापता काय?"

"तापता," ती म्हणाली, "पण तेलान न्हय."

संध्याकाळी ट्रकने फोंड्याला पोचलो. रात्रभर थोरली उघड्यावर होती. सकाळी गवत दवाने भिजलेलं, तोंडातून वाफ निघत होती. म्हाताऱ्याने झाडाच्या बुंध्याशी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज ह्या झाडाक हात लावतंव. झाड शेतात पडांदे, लाकूड अखंड ऱ्हवांदे, हत्यार धरणाऱ्याक राख रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" तांडेल इतक्या मोठ्याने म्हणाला की झाडावरचे कावळे उडाले.

धोंड्यांपेक्षा शेताकडे कल यावा म्हणून आधी त्या बाजूने खाच घेतली. मग मागून कापायला लागलो, इंजिनाकडे मी, समोरच्या मुठीला तांडेल. तेलाचा पंप अंगठ्याला दगडासारखा लागत होता. मला वाटलं, अडकला असेल, सुटेल. निम्मं खोड कापून झालं आणि धूर आला. तळणीचा नव्हे, करपल्याचा. साखळी पातीला धरून बसली आणि इंजिन बंद पडलं.

टाकीचं झाकण उघडलं. आत पांढरंशुभ्र खोबरेल, देवापुढच्या लोण्यासारखं घट्ट.

म्हाताऱ्याने आधी पाती कापातून काढायला लावली, मग त्या कापात दोन पाचरी ठोकल्या आणि घाटाकडे बघितलं. "ऊन चढला की वारो सुटता. वारो इलो तर झाड धोंड्यांर जातला."

तांडेल खोडावर हात ठेवून उभा राहिला, आजारी माणसाच्या अंगावर ठेवावा तसा. मला एवढी लाज आयुष्यात वाटली नव्हती. मालवणातल्या शेंबड्या पोरीलासुद्धा माहीत असतं, थंडीत खोबरेल थिजतं. ते मला माहीत नव्हतं का? होतं. पण ते डोक्याला लावायचं तेल होतं, यंत्राचं नव्हतं, असं मी मानून चाललो होतो.

म्हाताऱ्याने कमरेचं बांबूचं नळकांडं सोडलं. त्यात उंडीच्या बियांचं कडू तेल. दोन वर्षं त्याची करवत खुंटीला होती, पण तेलाचं नळकांडं कमरेवरून उतरलं नव्हतं. "ह्या घाल," तो म्हणाला. "ह्या थिजणा नाय."

मी काटकीने खोबरेल उकरून काढलं, टाकी पेट्रोलने धुतली, साखळी सोडवली, बोथटलेले दात कानशीने घासले. उंडीचं तेल घातलं आणि दोरी ओढली. तांडेल परत मुठीला लागला, तर म्हाताऱ्याने त्याला खांद्याने बाजूला सारलं. "वल्हवतंस काय रे? सोड ती मूठ. तू झाडाकडे बघ."

आणि त्याने मूठ धरली. तसा समोरचा माणूस मला पुन्हा मिळाला नाही. तो ढकलत नव्हता, ओढत नव्हता, नुसता पाती समतोल धरत होता. खोड पातीवर बसायला लागलं की यंत्राच्या आधी त्याला कळे आणि त्याची मान किंचित हले. तेवढ्यावर मी जोर कमी करायचो. शेवटी त्याने मान जोरात हलवली. मी इंजिन बंद केलं, दोघेही मागे सरलो. वरची पानं हलायला लागली होती. आंबा कण्हला, वळला आणि भातशेताच्या मधोमध आडवा झाला.

तांडेल धावत गेला. खोडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवत चालला, मग परत आला. "अखंड आसा," तो म्हणाला, आणि खाली बसून हुंदके देऊन रडला.

होडी कोरून शिमग्यानंतर पाण्यात गेली. आमच्याकडे नवी होडी लोटताना झाड पाडणाऱ्याच्या हातून नारळ फोडतात, तो त्याचा मान. तांडेल नारळ घेऊन आला. मी धोतराला हात पुसून पुढे केला. इतक्या लोकांसमोर, साहजिकच.

नारळ माझ्या हाताला वळसा घालून म्हाताऱ्याकडे गेला. खरं सांगतो, क्षणभर राग आला, आणि लगेच तो बरोबर आहे हेही कळलं. म्हाताऱ्याने होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, नारळ फोडला. एक भकल समुद्राला दिलं. दुसरं घेऊन तो माझ्यासमोर आला, माझी मूठ उघडून त्यात ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"मेस्त्र्या, ह्येचा तेल काढू नको हां. खा."