न जाळलेलं पाचट

मला पाचटाची भीती वाटायची. ऊस तुटून गेला की रानात वाळक्या पाल्याचा गुडघाभर थर उरतो. लोक त्याला काडी लावून मोकळे होत, मग पाणी आणि युरिया दिला की फुटवा काळाभोर. आमच्या मामंजींनी मात्र नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला युरिया बंद केला आणि पाचट रानातच कुजवायचं ठरवलं. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, कडेगावच्या बाजूला सगळे त्यांना मेजर म्हणत. तोफखान्यात कान गेलेले, त्यामुळे कुणाचं ऐकायचा प्रश्नच नव्हता.

मी वाईची, दारातल्या चार कुंड्या एवढीच माझी शेती. नवरा सीमेवर. शेजाऱ्यांचा ऊस हिरवागार आणि आमचा पिवळट, हे मी सोसलं. पण ऊस तुटला, पाचट तसंच राहिलं आणि त्यात उंदीर झाले, उंदरांमागे घोणस आली. भाकरी घेऊन जाताना मी काठी आपटत चालायची. त्याहून वाईट म्हणजे चहूकडे निघणारा धूर. सगळ्यांची रानं जळून काळी, मधे आमचंच कोरडंठाक, आणि मामंजी दिवसभर त्यातच वाकून शेणकाला शिंपत असायचे.

लोकांना हे मुद्दाम चाललंय असं वाटतच नव्हतं. पोरगा फौजेत, म्हाताऱ्याच्यानं होत नाही, म्हणून राहिलंय बिचाऱ्यांचं, असं ते म्हणत.

काडी लावण्याआधी बांधावरून हाळी द्यायची, अशी आमच्याकडे रीत. त्या दुपारी शेजारच्या भाऊजींनी हाळी दिली. उत्तर आलं नाही, म्हणजे मेजर घरी गेले, असं त्यांनी धरलं; मेजरांचे कान गेलेत हे ते विसरले. मग शेजारधर्म म्हणून आपल्याबरोबर आमचंही पेटवून दिलं.

मी भाकरी घेऊन निघाले होते. आमच्याच रानातून धूर येताना दिसला आणि पाटी टाकून धावले. उपयोग नाही हे ठाऊक असून हाका मारत होते. भाऊजी हसतच सामोरे आले.

"वैनी, तुमचं बी उरकून टाकलं."

"मामंजी आत आहेत," मी म्हणाले.

 आम्ही दोघं बांधाबांधानं पळालो. जाळापलीकडं काही दिसत नव्हतं. मी मनातल्या मनात नवऱ्याला काय सांगायचं ते जुळवू लागले होते.

पलीकडच्या पाटात मामंजी पाण्यात बसले होते. डोक्याला ओला पटका, भुवया जळालेल्या. भाऊजींनी त्यांचे पायच धरले. मी रडत होते, पण खरं सांगते, जळालं ते बरंच झालं, असंही वाटत होतं. आता तरी हट्ट सुटेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी बैलगाडी घेऊन आले. गाडीत पाचट गच्च भरलेलं.

"मेजर, वरच्या रानातलं न जाळता आनलंय. तुमचं जेवढं गेलं तेवढं भरून देतो," ते मामंजींच्या कानाशी ओरडले.

मामंजी लय खूश. दुपारपर्यंत दोघांनी काळ्या रानावर तो वाळका थर पुन्हा गुडघाभर अंथरला आणि भाऊजी आणखी आणायला गेले. मी भाकरी घेऊन पोचले तेव्हा मामंजी एकटेच मधोमध वाकून पाचट सारखं करत होते. तेवढ्यात खालच्या बांधावरून कुणीतरी हाळी दिली.

पाटी तिथंच टाकून मी जीव खाऊन ओरडले, "आहोत आम्ही आत, थांबा."